एजंटला ९ लाख देऊन जपानला जाऊ का? सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २५, बीई मेकॅनिकल, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला दोन वर्षं नोकरी, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पातळी एन५ पास (सगळ्यात वरची एन१). एजंट म्हणतोय ९ लाख रुपये भरा, टोकियोच्या लँग्वेज स्कूलला ॲडमिशन करून देतो, पार्टटाइम करून पुढची फी सुटते आणि दोन वर्षांत नोकरी पक्की. बाबा शेत तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. ताई, जाऊ का?

तर आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. या रस्त्यानं जाऊ नकोस. जपानला जरूर जा, तुझ्यासारख्या मुलाला तिथे खरंच काम आहे, पण शेतावर कर्ज काढून आणि दोन वर्षांचा अनुभव मागे टाकून विद्यार्थी म्हणून नको. मी २००८ ला पुण्याहून ब्रिज एसई, म्हणजे जपानी कंपनी आणि भारतातली टीम यांना जोडणारी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून गेले, तेव्हापासून टोकियोतच आहे, आणि गेली सहा-सात वर्षं भारतातून माणसं घ्यायच्या इंटरव्ह्यूला बसते, त्यामुळे कुठल्या रस्त्यानं आलेल्या मुलाचं पुढे काय होतं हे बऱ्यापैकी जवळून बघितलंय.

आधी हिशोब करू, कारण एजंट तो कधीच कागदावर मांडून देत नाही. लँग्वेज स्कूलची फी वर्षाला साधारण ७ ते ९ लाख येन. स्टुडंट व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती आठवड्याला २८ तासांची असते, शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. टोकियोचं किमान वेतन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तासाला ११६३ येन झालं, म्हणजे त्या दरानं पूर्ण २८ तास भरलेस तरी चार आठवड्यांच्या महिन्याला १ लाख ३० हजार येनच्या आसपास. आता खर्च. दोघा-तिघांत खोली घेतलीस तरी भाडं ३५-४० हजार, घरी स्वयंपाक करून खाणं ३०-३५ हजार, मोबाइल, ट्रेनचा पास, वीज-गॅस, हेल्थ इन्शुरन्स, सगळं धरून लाखभर येन जातातच. उरले ३० हजार, वर्षाचे साडेतीन-पावणेचार लाख. दुसऱ्या वर्षाची फी ८ लाख. उरलेले चार-साडेचार लाख येन कुठून येणार? एकतर बाबांकडून परत, नाहीतर २८ तासांच्या वर काम करून, आणि बहुतेक मुलं दुसरं करतात.

आणि इथेच सगळं बिघडतं. जास्तीचं काम दोन ठिकाणी वाटून केलं की कळत नाही असं मुलं एकमेकांना सांगतात, पण प्रत्येक मालक तुझ्या पगाराचा रिपोर्ट कुयाकुशोला, म्हणजे वॉर्ड ऑफिसला पाठवतो, तिथे सगळं एकत्र होतं, आणि व्हिसा वाढवायला किंवा बदलायला गेलास की इमिग्रेशन टॅक्सचा दाखला मागतं. २८ तासांत बसू शकत नाही एवढा आकडा त्यावर छापलेला असतो. मग कितीही चांगली नोकरी हातात असली तरी अर्ज फेटाळला जातो.

कराडचा एक मुलगा असाच आला होता, वर्षभर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायचा. रात्री १० ते सकाळी ६ बेंतोच्या कारखान्यात. बेंतो म्हणजे त्यांचा तयार डबा. त्याचं काम एकच होतं, पट्ट्यावरून भाताचे डबे येत राहायचे आणि प्रत्येक भाताच्या बरोबर मधोमध एक उमेबोशी, म्हणजे ते खारवलेलं लाल आंबट फळ, ठेवायचं. आठ तास तेवढंच. कारखाना थंड ठेवलेला असतो, माल खराब होऊ नये म्हणून, त्यामुळे आत दोन स्वेटर आणि वर पांढरा कोट. सकाळी तिथून तसाच ९ च्या वर्गाला, आणि वर्गात झोप. शाळेची हजेरी खाली आली, तीही इमिग्रेशनला कळते. दीड वर्षात परत गेला, जपानी एन४ च्या पुढे सरकलीच नाही, कारण त्या पट्ट्यावर कोण कोणाशी बोलणार? पोरगं हुशार होतं, बीएस्सीला फर्स्ट क्लास. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुला एवढं लांबलचक लिहितेय.

आता मूळ मुद्दा, जो बहुतेकांना कोणी समजावून सांगत नाही. आपण व्हिसा व्हिसा म्हणतो, पण जपानमध्ये खरी गोष्ट असते झाइर्‍यू शिकाकु, म्हणजे तुला तिथे कोणत्या कामासाठी राहायची परवानगी आहे तो दर्जा. एअरपोर्टवर उतरल्यावर जे झाइर्‍यू कार्ड हातात मिळतं त्यावर तो छापलेला असतो आणि तुझं रोजचं आयुष्य त्यावर ठरतं, काय काम करू शकतोस, नोकरी बदलू शकतोस का, बायको येऊ शकते का, किती वर्षं राहू शकतोस. म्हणून कोणीही ऑफर दिली की पहिला प्रश्न हा विचारायचा, की माझ्या कार्डावर काय छापलं जाणार. पगार किती हा त्यानंतरचा प्रश्न.

तुझ्यासाठी खरे तीन रस्ते आहेत.

पहिला गिजिन्कोकु. हे मोठ्या नावाचं बोलीतलं लहान रूप आहे, इंजिनिअर, ऑफिसमधलं तज्ज्ञ काम, भाषांतर वगैरे सगळं त्यात येतं. याला डिग्री लागते, तुझी बीई चालते, आणि काम डिग्रीशी जुळणारं लागतं, पगार त्याच कामाच्या जपानी माणसाइतका लागतो. जपानमधली कंपनी तुझ्यासाठी अर्ज करते, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी येतं, त्याला सहसा एक ते तीन महिने लागतात, मग भारतात व्हिसा. नोकरी बदलता येते, लग्न झालं तर बायको-मुलं डिपेंडंट म्हणून येऊ शकतात. माझ्या मते तुझा रस्ता हा आहे. फक्त एक सांभाळ. काही हाकेन कंपन्या, म्हणजे माणसं दुसऱ्या कंपन्यांना पुरवणाऱ्या, या दर्जावर आणतात आणि प्रत्यक्षात लाइनवर मशीन चालवायला उभं करतात. ते नियमाविरुद्ध आहे आणि पकडलं गेलं तर कार्ड तुझं जातं. सगळ्या हाकेन वाईट नसतात, डिझाइन आणि कॅटिया या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची चांगली कामं त्यांच्याकडून मिळतात, पण करारात कामाचं स्वरूप नीट लिहिलेलं असल्याशिवाय सही करायची नाही.

दुसरा तोकुतेई गिनो, स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर. हा २०१९ च्या एप्रिलला सुरू झाला आणि भारताबरोबर त्याचा करार २०२१ च्या जानेवारीत झाला. जपानी एन४ किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा आणि त्या त्या क्षेत्राची स्किल टेस्ट. डिग्री लागत नाही. काइगो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल, शेती, हॉटेल, आणि तुझ्या ओळखीचं मशीनिंग, फोर्जिंग, ओतकाम हेही त्यात आहे. पहिल्या टप्प्याला साधारण ५ वर्षं आणि घरच्यांना आणता येत नाही, दुसऱ्या टप्प्याला गेलास तर दोन्ही अडचणी सुटतात पण त्याची परीक्षा अवघड आहे. आयटीआय किंवा डिप्लोमावाल्या मुलांना मी हा रस्ता मनापासून सांगते, प्रामाणिक काम आहे, पगार जपानी माणसाच्या बरोबरीचा द्यावा लागतो, त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. तू बीई आहेस म्हणून तुला आधी पहिला बघ म्हणतेय, एवढंच. टेक्निकल इंटर्न म्हणून जी जुनी योजना आहे तिच्यात मात्र आता शिरू नकोस, ती बंद होऊन २०२७ च्या एप्रिलपासून इकुसेई शुरो नावाची नवीन योजना येतेय.

तिसरा मास्टर्स. मार्क चांगले असतील तर जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप बघ, वकिलातीमार्फत दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमाराला अर्ज निघतात, वय ३५ च्या आत लागतं, फी माफ, विमानाचं तिकीट, वर महिन्याला दीड लाख येनच्या थोडं आत स्टायपेंड. स्पर्धा खूप आहे. स्वतःच्या पैशानं गेलास तरी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांची ठरलेली फी वर्षाला ५ लाख ३५ हजार ८०० येन, म्हणजे लँग्वेज स्कूलपेक्षा कमी. हे ऐकून लोकांना धक्का बसतो पण आहे तसं.

आता भाषेबद्दल, इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण गेलास त्यानंतरचं सगळं यावर उभं आहे. जपानी अवघड आहे म्हणून घाबरवणारे खूप भेटतील. कांजी अवघड आहेत हे खरं, रोजच्या वापरातल्या ठरवून दिलेल्या २१३६ आहेत, त्याला बसून लिहिणं-वाचणं याशिवाय इलाज नाही. पण वाक्य कसं बांधायचं याबाबतीत आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. क्रियापद शेवटी, ला-ने-त-वर शब्दाच्या मागून, बरोबर आपल्यासारखं. आणि त्याहून गंमत पुढे आहे. आपण म्हणतो खाऊन बघ, ते म्हणतात ताबेते मिरु, ताबेते म्हणजे खाऊन आणि मिरु म्हणजे बघणं. खाऊन टाकलं, ताबेते शिमात्ता. करून ठेव, शिते ओकु, ओकु म्हणजे ठेवणं. घेऊन ये, मोत्ते कुरु, कुरु म्हणजे येणं. इंग्लिशमधून शिकणाऱ्याला हे एकेक प्रकरण आठवडा आठवडा घोकावं लागतं, तुला फक्त कळायला हवं की अरे हे तर आपलंच आहे. म्हणून जपानी इंग्लिशमधून शिकू नकोस, मनातल्या मनात मराठीत वळव.

शरीराच्या दुखण्याचंही तसंच. तिथे गेल्यावर दुसऱ्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली, डेंटिस्टकडे गेले, फॉर्मवर विचारलेलं कसं दुखतंय आणि खाली झुकिझुकि, चिकुचिकु असे शब्द. मला काहीच कळेना, डिक्शनरीत बघितलं तर इंग्लिशमध्ये थ्रॉबिंग पेन, त्यानेही उलगडा होईना. मग त्या नर्सबाईंनी माझ्यासमोर मूठ उघड-मीट करून दाखवली, झुकिझुकि, झुकिझुकि, आणि एकदम डोक्यात आलं, ठणकतंय! चिकुचिकु म्हणजे टोचतंय, हिरिहिरि म्हणजे चुरचुरतंय, गानगान म्हणजे डोकं घणघणतंय. आपल्याकडे प्रत्येकाला शब्द आहे. त्या दिवसापासून मी असे शब्द मराठीतच लिहून ठेवायला लागले आणि ती वही आजही वापरते.

उच्चारात एकच गोष्ट आपली कच्ची असते, लांबवायचे स्वर. कित्ते आणि किते यातला फरक आपल्याला सहज येतो कारण जोडाक्षरांची सवय आहे, पण ओबासान म्हणजे काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी, बिरु म्हणजे बिल्डिंग आणि बीईरु म्हणजे बिअर, हे बोलताना आपण खाऊन टाकतो आणि समोरचा गोंधळतो.

परीक्षा म्हणशील तर जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि पुणे सेंटर आहे, कोल्हापूरहून आदल्या रात्री निघालास तरी जमतं. तुझं टार्गेट एन३, आणि जमलं तर एन२. एन५ वर असताना नोकरी सांभाळून एन३ ला एक ते दीड वर्ष लागतं, मन लावलं तर. पण एक लक्षात ठेव, या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. एन२ पास आणि इंटरव्ह्यूत स्वतःचं काम तीन वाक्यांत सांगता येत नाही अशी मुलं मी दर वर्षी बघते, आणि एन३ वर अडखळत का होईना पण काम नीट समजावणारी मुलं आम्ही घेतो.

म्हणून तुला एक घरचा अभ्यास सांगते. तुझ्या शॉपफ्लोरच्या भिंतीवर काइझेन, पोका-योके, गेम्बा, फाइव्ह-एसचं सेइरि-सेइतोन वगैरे कामाच्या जपानी पद्धतींचे बोर्ड असणारच, शिरोलीत कोणत्या फौंड्रीत नसतात. तू जपानी शब्द रोज वापरतोयस, फक्त आता पुढचे शे-दोनशे शिक. झुमेन म्हणजे ड्रॉइंग, कोउसा म्हणजे टॉलरन्स, फुर्‍यो म्हणजे रिजेक्ट माल, केन्सा म्हणजे इन्स्पेक्शन, चुझो म्हणजे कास्टिंग. ओतलेल्या मालात जी पोकळी राहते, ब्लोहोल, तिला ते सु म्हणतात, आणि सु म्हणजे घरटं. गेल्या महिन्यात तुमच्याकडे कोणता पार्ट रिजेक्ट झाला, कारण काय निघालं, तुम्ही वाळू बदलली की रायझर की पोअरिंग टेंपरेचर, हे पाच मिनिटांत जपानीत सांगायची तयारी कर. मी स्वतः फौंड्रीवाली नाही, पण कंपन्यांच्या क्वालिटीवाल्यांबरोबर बसलेय, आणि भारतातल्या सप्लायरशी बोलू शकणारा क्वालिटीचा माणूस त्यांना किती हवा असतो ते मला माहीत आहे. ओतकामाला जपानमध्ये मान आहे. टोकियोला लागून सैतामात कावागुची नावाचं शहर आहे, ते जुन्या काळापासून ओतकामासाठी प्रसिद्ध, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योतीची कढई तिथेच ओतलेली. हे इंटरव्ह्यूत बोललास तर समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघ कसा खुलतो.

कंपन्या टोकियोतच शोधू नकोस. मेकॅनिकलवाल्यांचं खरं जग आइची, म्हणजे नागोया-टोयोताचा पट्टा, आणि शिझुओकातलं हामामात्सु, सुझुकीचं हेडऑफिस तिथेच आहे. भाडं कमी, आणि भोवती मराठी-हिंदी बोलायला कमी लोक म्हणून भाषा पटकन सुधारते. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातलं नीशी-कासाई हे आपल्या लोकांचं गाव झालंय, दुकानात पोहे-तूरडाळ मिळते, गणपती बसतो, २०१९ मध्ये तर आपला मराठी माणूस योगेंद्र पुराणिक तिथून वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. मी तिथेच राहते आणि मला ते आवडतं, पण पहिल्या दोन वर्षांत तू तिथे राहिलास तर जपानी ऑफिसपुरतीच उरेल.

पैशाचं पटकन सांगते. पगार अडीच लाख येन ठरला तर पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, इन्कम टॅक्स कापून पहिल्या वर्षी हातात २ लाख ५-७ हजार येतात. दुसऱ्या वर्षी जूनपासून ज्युमिनझेई सुरू होतो, हा रहिवासी टॅक्स आदल्या वर्षाच्या कमाईवर साधारण १० टक्के लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी नसतो आणि दुसऱ्या वर्षी अचानक हातातला पगार कमी होतो, मुलं घाबरून फोन करतात की कंपनीने पगार कापला. कापलेला नसतो. आणि येनचे रुपये करत बसू नकोस, पूर्वी लाख येनचे ६५-७० हजार यायचे, २०२४ मध्ये येन इतका पडला की ५५ हजारांच्या आसपास आले. घरी पाठवायच्या पैशावर कर्जाचा हप्ता बांधलेला असेल तर तोच हप्ता फेडायला जास्त येन लागतात, शेतावरच्या कर्जाला मी विरोध करतेय त्याचं हेही एक कारण.

पेन्शनबद्दल, ते पैसे बुडत नाहीत. भारत-जपानचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. कायमचा परत येताना एकरकमी काढूनही घेता येतात, जास्तीत जास्त ५ वर्षांचे, पण मग ती वर्षं मोजायला राहत नाहीत.

घर घेताना पहिल्यांदा चार ते पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम लागते. शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे मालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे, एजंटचं एक महिना, होशोगाइशा म्हणजे तुझी हमी घेणारी कंपनी तिचे वेगळे. परदेशी माणसाला नको म्हणणारे मालक अजून आहेत, तोंडावर सांगतात, मनाला लागतं. म्हणून पहिली दोन वर्षं कंपनीचं घर मिळत असेल तर तेच घे, आणि नंतर यूआरच्या सरकारी सोसायट्या बघ, तिथे रेइकिन नाही, हमीदार नाही, आणि परदेशी म्हणून नकारही नाही. नवीन पत्ता १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला नोंदवायचा, ते विसरायचं नाही. खाण्याचं, तू माळकरी घरातला आहेस असं लिहिलंस म्हणून सांगते, साध्या दिसणाऱ्या भाजीत आणि सूपमध्येही दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. जेवण घरी करायची तयारी ठेव आणि कुकर घेऊन जा.

ऑफिसात एकच सवय लावून घे, होउरेनसोउ. कळवणं, संपर्कात राहणं, विचारणं या तीन शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला शब्द आहे. आपल्याकडे चूक झाली की आधी स्वतः निस्तरायची आणि मग साहेबाला सांगायचं, तिथे उलटं. चूक दिसली त्या मिनिटाला सांगायचं, उपाय माहीत नसला तरी. माझ्या पहिल्या प्रोजेक्टला मी एक बग रात्रभर बसून स्वतः सोडवला आणि सकाळी अभिमानानं सांगितलं, तर आमचे साहेब गप्प झाले, मग शांतपणे म्हणाले की काल संध्याकाळी का नाही सांगितलंस. दोन महिने माझं प्रत्येक काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे. तो विश्वास परत मिळवायला वर्ष गेलं. आणि कोणी केन्तो शिमासु, म्हणजे विचार करतो, म्हणालं की बहुतेक वेळा ते नाही असतं, त्यावर आशा धरून बसू नकोस.

आता एक गोष्ट जी मला कोणी जायच्या आधी सांगितली नव्हती. तू एकुलता एक आहेस. बायको-मुलं नेता येतात, आई-वडिलांना सहसा नेता येत नाही. ९० दिवसांच्या आत राहायला येऊ शकतात, परत जावं लागतं, आणि आई-वडिलांना कायमचं आणायचा सरळ मार्ग त्या देशात नाही. ११ मार्च २०११ ला, त्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी, मी ओतेमाचीहून नीशी-कासाईला तीन तास चालत घरी आले, ट्रेन बंद, फोन लागत नव्हते, आणि आई इकडे टीव्हीवर त्सुनामी बघत बसलेली. त्यापेक्षाही अवघड गेलं ते नंतर बाबा आजारी पडले तेव्हा, पोचायला दीड दिवस लागला. हे तुला अडवायला लिहीत नाहीये. पण पाच वर्षांसाठी जायचं की कायमचं, हे बाबांशी आत्ताच बोल, ते शेत तारण ठेवायला तयार आहेत म्हणजे त्यांना तुझी स्वप्नं कळतात, तर ही बाजूही कळेल. लग्न झालं तर बायकोनेही इथूनच एन४ तरी करून यावं, डिपेंडंटला २८ तास काम करता येतं, भाषा नसेल तर ती चार भिंतींत अडकते. असं बघितलेल्या मैत्रिणी मला आहेत.

कायमचं राहायचं ठरलं तर पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवानगीला, सर्वसाधारण १० वर्षं लागतात, पण जास्त कुशल परदेशी लोकांना पॉइंट देणारी जी हायली स्किल्ड पद्धत आहे तिच्यात ७० झाले तर ३ वर्षं आणि ८० झाले तर १. त्यात एन२ ला १० आणि एन१ ला १५ पॉइंट आहेत, तिशीच्या आत असण्याचे १५. टॅक्स, पेन्शन, इन्शुरन्स वेळेवर भरलेलं बघतात, उशिरा भरलं तरी अर्ज अडतो.

एजंटकडे परत जाशील तेव्हा तीन गोष्टी लेखी माग. शाळेचं नाव आणि शाळेची स्वतःची फीची पावती कोणाच्या नावाने येणार, ९ लाखांतले शाळेला किती आणि त्याला किती, आणि नोकरी पक्की म्हणतोस तर कोणत्या कंपनीत कोणत्या दर्जावर. नोकरीसाठी परदेशात माणसं पाठवणाऱ्याला आपल्या सरकारकडे नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. लँग्वेज स्कूलच्या नावाखाली ९ लाख मागायचं एक कारण हेच आहे, ती ॲडमिशन असते, नोकरी नसते, त्यामुळे ती मर्यादा लागत नाही.

नोकरी सोडू नकोस. या डिसेंबरला एन४ चा फॉर्म भर, पुढच्या वर्षाअखेर एन३. पुण्याच्या चांगल्या टीचरकडे ऑनलाइन एक लेव्हल वीस-पंचवीस हजारांत होते. तोवर तुझा अनुभव साडेतीन वर्षांचा झालेला असेल. रिरेकिशो, म्हणजे बायोडेटा, आणि कामाच्या अनुभवाचा कागद जपानीत लिहिलास की मला पाठव, मी तपासून देते, आणि त्यात तो ब्लोहोलवाला किस्सा पहिल्या पानावर हवा.